अजिंक्य जंजिरा, विभागलेला कुलाबा

अलिबागच्या उत्तरेस थळच्या किनाऱ्यावर उभे राहिले, की समोर समुद्रात दोन बेटे दिसतात. दूरवरचे, दीपगृह असलेले ते खांदेरी आणि किनाऱ्याजवळचे, बुटके व ओसाड ते उंदेरी. १६७९ च्या पावसाळ्याच्या अखेरीस शिवाजी महाराजांनी मायनाक भंडारी यांना पाठवून खांदेरीवर तटबंदीचे काम सुरू केले. मुंबई बंदराच्या तोंडावरच मराठ्यांचे ठाणे बसते आहे, हे पाहून इंग्रजांनी जहाजे पाठविली. लढाया झाल्या, पण काम थांबले नाही. तेव्हा जानेवारी १६८० मध्ये जंजिऱ्याच्या सिद्दी कासमने शेजारचे उंदेरी बेट बळकावले आणि तेथे तोफा चढविल्या. तेव्हापासून कित्येक दशके ही दोन बेटे तोफेच्या टप्प्यात एकमेकांकडे डोळे वटारून उभी होती. मराठ्यांचे खांदेरी पुढे आंग्र्यांकडे आले. उंदेरीवर सिद्दीचे निशाण राहिले.

रेवसपासून श्रीवर्धनपर्यंतच्या या किनाऱ्याचा सतराव्या-अठराव्या शतकांतील इतिहास म्हणजे बव्हंशी याच दोन सत्तांचा इतिहास होय. आज पर्यटक मुरुडला जातो, राजपुरीहून शिडाच्या होडीत बसतो आणि जंजिऱ्याच्या दरवाज्यात पाऊल ठेवताच त्याला ऐकविले जाते, की हा किल्ला कोणालाही, अगदी शिवछत्रपतींनाही घेता आला नाही. अलिबागेत तोच पर्यटक ओहोटीची वेळ साधून पायी कुलाब्यात जातो, सिद्धिविनायकाचे दर्शन घेतो आणि भरतीच्या आत परततो. साहजिकच त्याच्या मनात एक हिशेब तयार होतो : सिद्दी जिंकले, आंग्रे संपले. हा हिशेब चुकीचा नाही. पण अपुरा आहे. किल्ला टिकणे आणि राज्यकर्ता मोठा असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, आणि एक सत्ता तीनशे वर्षे का टिकली व दुसरी साठ वर्षांत का मोडली, याचे उत्तर तटांच्या जाडीत सापडत नाही.

निवडलेला धनी

सिद्दी मूळचे हबशाणातले, म्हणजे आजच्या इथिओपिया व त्याच्या आसपासच्या प्रदेशातले. गुलाम, शिपाई, खलाशी अशा अनेक नात्यांनी हबशी दख्खनच्या सुलतानांच्या पदरी आले आणि स्वतःच्या कर्तबगारीवर वर चढले. निजामशाहीचा कारभार हाकणारा आणि मोगलांना वर्षानुवर्षे झुंजविणारा मलिक अंबर हा त्यांतला सर्वांत नामांकित. राजपुरीच्या खाडीच्या तोंडावरील खडकाळ बेटावर आधी स्थानिक कोळ्यांचा मेढेकोट होता. राम पाटील हा त्यांचा प्रमुख. चाचेगिरीपासून रक्षणासाठी उभारलेला हा लाकडी कोट निजामशाहीच्या सरदाराने व्यापाऱ्याचा वेष घेऊन, दारूची पिंपे आणि पेटाऱ्यांत लपविलेले शिपाई यांच्या जोरावर घेतला, अशी कथा किनाऱ्यावर पिढ्यान्पिढ्या सांगितली जाते. आजचा दगडी कोट सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात उभा राहिला. सतराव्या शतकाच्या पूर्वार्धात सिद्दी अंबर याच्या काळापासून जंजिऱ्याच्या सत्तेला स्वतंत्र रूप आले. हा अंबर मलिक अंबराहून वेगळा; नामसाधर्म्यामुळे दोघांची गल्लत नेहमी होते.

सिद्दींच्या कारभारात एक गोष्ट विलक्षण होती. येथे गादी बापाकडून मुलाकडे जाणे हा नियम नव्हता. प्रमुखाच्या मृत्यूनंतर आरमारातील व किल्ल्यातील सरदार आपल्यातीलच कर्तबगार दर्यावर्दी पुढे आणीत आणि त्याला वजीर म्हणून मानीत. तत्कालीन हिंदुस्थानात, जेथे पाच वर्षांच्या पोराच्या नावाने शिक्के चालत, तेथे ही रीत अपवादात्मक म्हणावी लागेल. ती कोणा तत्त्वज्ञानातून आली नव्हती. चहूबाजूंनी पाण्याने व शत्रूने वेढलेल्या बेटावर अजाण वारस परवडणारा नव्हता, हे व्यवहारज्ञान तिच्या मुळाशी होते.

या रीतीची कसोटी लागली ती १६७० च्या सुमारास. शिवाजी महाराजांनी जंजिऱ्याभोवतीचा मुलूख काबीज करून किल्ल्याला निकराचा वेढा घातला होता. त्या वेळचा प्रमुख फत्तेखान थकला आणि तहाला तयार झाला. जहागीर आणि मानमरातब घेऊन किल्ला सोडून देण्याच्या बेतात तो असताना संबळ, कासम आणि खैर्यत या तीन सिद्दी सरदारांनी त्यालाच कैद केले, आदिलशाहीचा आश्रय सोडला आणि औरंगजेबाकडे धाव घेतली. मोगल आरमार सुरतेहून मदतीस आले. जंजिरा हातचा गेला. महाराजांच्या हयातीत तो पुन्हा इतका जवळ कधीच आला नाही. एखादा वंशपरंपरागत राजा असता, तर त्याच्या तहाने किल्ल्याचे भवितव्य ठरले असते. येथे प्रमुख डळमळला. सत्ता डळमळली नाही.

महाराजांनी प्रयत्न सोडला नाही. जंजिऱ्याच्या वायव्येस कांसा बेटावर त्यांनी पद्मदुर्ग बांधायला घेतला. या कामास वेळेवर रसद न पोहोचविणाऱ्या प्रभावळीच्या सुभेदारास, जिवाजी विनायक यास, जानेवारी १६७५ मध्ये त्यांनी लिहिलेले खरमरीत पत्र प्रसिद्ध आहे. ब्राह्मण म्हणून कोणाचा मुलाहिजा केला जाणार नाही आणि हबशाशी संगनमत असल्याचा संशय घेतला जाईल, असा त्याचा स्पष्ट आशय. समुद्रावरील युद्ध पैसा, धान्य आणि कारागीर वेळेवर पोहोचण्यावर चालते, हे त्या पत्रावरून जसे कळते तसे दहा लढायांच्या वर्णनांवरून कळत नाही. पुढे संभाजी महाराजांनी १६८२ च्या सुमारास जंजिऱ्याला वेढा घातला, किनाऱ्यापासून बेटापर्यंत भराव घालून सेतू बांधण्यास आरंभ केला. परंतु मोगल फौजा कल्याणच्या बाजूने उतरल्या आणि ते काम अर्धवट राहिले. कोंडाजी फर्जंद यांनी फितुरीचे नाटक करून किल्ल्यात प्रवेश मिळविला होता. बेत उघडकीस आला आणि त्यांना प्राणास मुकावे लागले.

दूरचा मालक, जवळचा मालक

सिद्दींच्या टिकाऊपणाचे दुसरे रहस्य त्यांच्या पराधीनतेत आहे, असे म्हटले तर ते विचित्र वाटेल. परंतु वस्तुस्थिती तीच आहे. जंजिऱ्याने कायम कोणाचे तरी स्वामित्व मानले. आधी निजामशहाचे, १६३६ नंतर आदिलशहाचे, १६७० नंतर दिल्लीच्या बादशहाचे आणि अखेरीस इंग्रजांचे. प्रत्येक धनी दूरचा होता. त्याला समुद्रावरचा व्यापार आणि मक्केला जाणाऱ्या यात्रेकरूंची जहाजे सुरक्षित हवी होती. पण स्वतःचे पुरेसे आरमार त्याच्यापाशी नव्हते. सिद्दी ते काम करीत आणि मोबदल्यात किताब, दारूगोळा व सुरतेच्या खजिन्यातून रक्कम मिळवीत. औरंगजेबाने कासमला याकूतखान हा किताब दिला, पण जंजिऱ्याच्या तटाआत काय चालते हे पाहायला बादशहा कधी येणार नव्हता. दूरचा मालक पैसे देतो आणि ढवळाढवळ करीत नाही, हे सूत्र सिद्दींनी अचूक ओळखले होते.

याकूतखानाच्या हाती किती बळ एकवटले होते, हे १६८९ मध्ये मुंबईकर इंग्रजांना कळले. सर जॉन चाइल्डच्या धोरणाने बादशहाशी भांडण ओढवून घेतल्यावर याकूतखान मुंबई बेटावर उतरला. माझगाव, माहीम, शीव ही ठाणी त्याने घेतली आणि इंग्रजांना किल्ल्यात कोंडून ठेवले. कंपनीला बादशहापुढे नाक घासून माफी मागावी लागली. १६९० मध्ये सिद्दी मुंबईतून निघून गेला तो धन्याच्या हुकुमाने. इंग्रजांच्या तोफांनी नव्हे.

मात्र या चित्राची दुसरी बाजू झाकण्याचे कारण नाही. निवडीची रीत नेहमीच सुरळीत चालली असे नाही. १६७७ मध्ये संबळ आणि कासम हे दोघे सरदार अधिकारावरून मुंबईतच एकमेकांवर शस्त्रे घेऊन उठले होते. आणि किनाऱ्यावरच्या रयतेला सिद्दीचा अनुभव सुखाचा नव्हता. लूट, जाळपोळ, माणसे धरून नेणे, हे त्याच्या स्वाऱ्यांचे नित्याचे स्वरूप होते. १७२७ मध्ये सिद्दी सात याने चिपळूणजवळच्या परशुराम देवस्थानाची नासधूस केली, तिचा सल ब्रह्मेंद्रस्वामींच्या मनातून आणि सातारा दरबारातून बरीच वर्षे गेला नाही. श्रीवर्धनची देशमुखी असलेले भट घराणे याच सिद्दीच्या जाचाला कंटाळून घाटावर गेले, असे सांगितले जाते. त्या घराण्यातील बाळाजी विश्वनाथ पुढे पेशवा झाला. जंजिऱ्याने आपला सर्वांत मोठा शत्रू अशा रीतीने स्वतःच्या अंगणातून हाकलून देऊन घडविला. इतके आरमार, इतकी वर्षे हाती असूनही सिद्दींनी किनाऱ्याच्या एका पट्ट्यापलीकडे राज्य असे वाढविले नाही. बेट राखणे हेच त्यांचे राज्यशास्त्र होते.

दर्याचे दस्तक

कान्होजी आंग्रे यांची गोष्ट याच्या नेमकी उलट आहे. तुकोजी संकपाळ हे त्यांचे वडील. आंगरवाडी या मूळ गावावरून घराण्याला आंग्रे हे नाव पडले. सुवर्णदुर्गावर तरुण कान्होजींचे नाव प्रथम झाले तेही सिद्दीमुळेच. सिद्दीच्या वेढ्यात किल्लेदार फितूर होऊ पाहत असता कान्होजींनी त्याला बाजूस सारून किल्ला लढविला, अशी हकिकत आहे. म्हणजे एका शिपायाने डळमळणाऱ्या प्रमुखाला दूर करून ठाणे राखले. जे संबळ, कासम व खैर्यत यांनी जंजिऱ्यात केले, तेच. १६९८ मध्ये सिधोजी गुजर यांच्यानंतर कान्होजी मराठी आरमाराचे सरखेल झाले. छत्रपतींचे राज्य तेव्हा जिंजीपर्यंत ओढाताणीत सापडले होते आणि किनारा राखण्यास मध्यवर्ती खजिन्यातून काही मिळण्याची आशा नव्हती. कान्होजींनी किनारा स्वतःच्या हिमतीवर उभा केला.

त्यांच्या सत्तेचे मर्म दस्तकात होते. आपल्या पाण्यातून जाणाऱ्या व्यापारी जहाजाने आंग्र्यांचा परवाना घ्यावा, नाही तर जहाज पकडले जाईल, हा त्यांचा दंडक. हीच पद्धत पोर्तुगीज कार्ताझच्या नावाने दोनशे वर्षे राबवीत होते आणि इंग्रजही स्वतःचे परवाने विकीत होते. तरीही कान्होजींनी तेच केल्यावर इंग्रजांच्या कागदांत ते चाचे ठरले. १७१२ मध्ये त्यांनी पकडलेल्या जहाजावर कारवारच्या वखारीतील प्रमुखाची तरुण विधवा होती. तिला ३० हजार रुपये घेऊन सोडण्यात आले आणि मुंबईत या प्रकरणाचा गवगवा झाला. मुंबईचा गव्हर्नर विल्यम फिप्स याच्याशी १७२४ मध्ये झालेल्या पत्रव्यवहारात तर कान्होजींनी या आरोपाला सरळ उत्तर दिले. व्यापारी म्हणवणारी कंपनीही याच महत्त्वाकांक्षेपासून मुक्त नाही, जगाची रीतच ही आहे, असा त्याचा मथितार्थ. वखारवाल्यांना त्यांच्या आरशात इतक्या शांतपणे कोणी त्या काळी पाहायला लावले नव्हते.

आंग्र्यांचे आरमार गुराबा आणि गलबतांचे होते. गुराब दोन-तीन डोलकाठ्यांची, पुढल्या नाळेवर तोफा असलेली. गलबत हलके, वल्ह्यांवर चालणारे. वारा पडला की इंग्रजांची अवजड जहाजे जागच्या जागी उभी राहत. मग वल्ह्यांची गलबते गुराबांना ओढून शत्रूच्या पिछाडीस आणीत, जेथे त्याच्या तोफा पोहोचत नसत. कोळी, भंडारी, मुसलमान, पोर्तुगीज, डच अशी सर्व जातींची माणसे या आरमारावर होती. सिद्दीच्या चाकरीतही किनाऱ्यावरचे हिंदू दर्यावर्दी आणि कारकून होतेच. या संघर्षाला नुसते धर्मयुद्धाचे रूप देणे म्हणूनच पुराव्याला धरून होत नाही.

१७१३ हे वर्ष कान्होजींच्या मुत्सद्देगिरीचे. शाहू आणि ताराबाई यांच्या तंट्यात ते ताराबाईंच्या बाजूचे होते. शाहूंनी पाठविलेला पेशवा बहिरोपंत पिंगळे यालाच त्यांनी कैद केले. मग बाळाजी विश्वनाथ आला. सिद्दीच्या जाचाने श्रीवर्धन सोडलेला तो आणि सिद्दीशी झुंजलेले कान्होजी या दोन कोकणी माणसांची लोणावळ्याजवळ वळवण येथे बोलणी झाली. कान्होजींनी शाहूंना छत्रपती मानले. बदल्यात दहा किल्ले, सोळा दुय्यम कोट आणि सरखेली त्यांच्याकडे कायम झाली. बाळाजीस पेशवेपदही याच सुमारास मिळाले. मराठी राज्याच्या पुढील शतकाची दिशा या तहाने ठरविली, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही.

चार्ल्स बून मुंबईचा गव्हर्नर असताना इंग्रजांनी विजयदुर्ग, खांदेरी, पुन्हा विजयदुर्ग अशा मोहिमा काढल्या आणि प्रत्येक वेळी हात हलवीत परत गेले. १७२१ च्या डिसेंबरात इंग्रज आणि पोर्तुगीज एकत्र येऊन सुमारे सहा हजार सैन्यानिशी कुलाब्यावर चालून आले. राजेशाही आरमाराचा कमोडोर मॅथ्यूज स्वतः हजर होता. हल्ला फसला, बाजीराव घोडदळ घेऊन घाट उतरला आणि पोर्तुगिजांनी इंग्रजांना बाजूस ठेवून स्वतंत्र तह केला. ओहोटीला पायी जाता येणारा कुलाबा त्या दिवशी जंजिऱ्याइतकाच अजिंक्य ठरला. ४ जुलै १७२९ रोजी कान्होजींचे निधन झाले तेव्हा अलिबागेत टांकसाळीचा रुपया चालत होता, हिराकोटासारखे कोट उभे होते आणि मुंबईपासून विजयदुर्गापर्यंतच्या पाण्यात त्यांच्या दस्तकाशिवाय निर्धास्त फिरणे कठीण झाले होते.

१७३३

आता दोन्ही सत्तांच्या पुढे एकाच वेळी एकच प्रश्न उभा राहिला. १७३३ च्या सुमारास जंजिऱ्याचा प्रमुख मरण पावला. या वेळी मात्र सिद्दींची जुनी रीत बाजूला राहिली. वारसांत रक्तपात झाला आणि त्यांतला अब्दुल रहमान बाजीरावाच्या पक्षास मिळाला. ही संधी साधून मराठ्यांनी जंजिऱ्यावर मोहीम काढली. १६८९ मध्ये मोगलांनी जिंकलेला आणि पुढे सिद्दीकडे गेलेला रायगड त्या जूनमध्ये परत मिळाला. जमिनीवरून बाजीराव आणि समुद्रावरून कान्होजींचा थोरला मुलगा सेखोजी असा फास आवळला जात होता. जंजिरा पडण्याची शक्यता १६७० नंतर प्रथमच निर्माण झाली होती.

आणि त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये सेखोजी वारला.

सेखोजी वडिलांच्या तोडीचा नसला तरी घर आणि आरमार एकत्र ठेवणारा होता. तो गेला आणि कान्होजींच्या मुलांत भाऊबंदकी माजली. संभाजी सरखेल झाला, पण कुलाब्याच्या भावांशी त्याचे पटेना. मानाजीने पोर्तुगिजांची मदत घेऊन कुलाबा घेतला आणि भाऊ येसाजी याचे डोळे काढविले. बाजीराव मध्ये पडला. १७३५ मध्ये त्याने वाटणी करून दिली : सरखेली, सुवर्णदुर्ग आणि विजयदुर्ग संभाजीकडे, कुलाबा आणि ‘वजारतमाब’ हा किताब मानाजीकडे. तंटा मिटला, पण कान्होजींचे एकसंध आरमार संपले.

पुढच्याच वर्षी, एप्रिल १७३६ मध्ये, चिमाजी आप्पाने रेवसजवळच्या लढाईत सिद्दी सात याला ठार केले. सातारा दरबारात मोठा आनंद झाला. जंजिऱ्याच्या मुलखातील महालांत मराठ्यांना हिस्सा मिळाला, अब्दुल रहमानची गादी मान्य झाली. परंतु किल्ला? तो सिद्दीकडेच राहिला. त्याला समुद्रावरून घेऊ शकेल असे आरमार तेव्हा दोन भावांत विभागले गेले होते.

येथे आंग्र्यांच्या आणि सिद्दींच्या परिस्थितीतील फरक उघड होतो. सिद्दीचा मालक दिल्लीत होता. आंग्र्यांचा मालक बोरघाटाच्या वर, दोन-तीन मजलांवर. भावांनी भांडावे आणि पेशव्याने वाटणी करावी, एकाने तक्रार न्यावी आणि पेशव्याने फौज पाठवावी, हे वारंवार घडू लागले. १७४० मध्ये संभाजी कुलाब्यावर चालून आला तेव्हा मानाजीच्या मदतीला बाळाजी बाजीराव, म्हणजे नानासाहेब, आणि चिमाजी आप्पा खाली उतरले होते. बाजीरावाच्या निधनाची वार्ता त्यांना त्या मोहिमेवरच कळली. आंग्र्यांच्या घरातले तंटे हे आता पुण्याचे राजकारण झाले होते. सिद्दींच्या घरातल्या भांडणांत औरंगजेबाने आणि पुढे त्याच्या वारसांनी इतके लक्ष घालण्याची गरजच नव्हती.

संभाजीनंतर तुळाजी आला. तो धाडसी आणि कुशल दर्यावर्दी होता यात शंका नाही. पण पेशव्याला तो जुमानत नसे आणि किनाऱ्यावरच्या इतर मराठी सरदारांच्या मुलखालाही त्याचा उपद्रव होई. नानासाहेबाने त्याचा बंदोबस्त करण्यासाठी इंग्रजांचे साहाय्य घेतले. १७५५ मध्ये कमोडोर जेम्सने सुवर्णदुर्ग घेतला. फेब्रुवारी १७५६ मध्ये वॉटसन आणि क्लाइव्ह विजयदुर्गावर आले. खाडीत नांगरून ठेवलेल्या आंग्र्यांच्या आरमाराला आग लागली आणि एका दुपारी कान्होजींचा साठ वर्षांचा उद्योग भस्मसात झाला. तुळाजी पेशव्यांच्या कैदेतच मेला. नानासाहेबाच्या बाजूने बोलायचे तर एका बेकैद सरदाराला आवरणे हे मध्यवर्ती सत्तेचे कर्तव्यच होते, आणि विजयदुर्गावर पुढे पेशव्यांचे आरमार धुळपांच्या हाताखाली उभे राहिले. पण ज्या शत्रूला वळवणच्या तहापासून चाळीस वर्षे समुद्रावर रोखले होते, त्याच्याच हातून हे काम करून घेतल्याचा दोष इतिहासाने नानासाहेबाच्या पदरी टाकला आहे, आणि तो अनाठायी नाही.

उरलेला वारसा

कुलाब्याची शाखा टिकली. १७५९ ते १७९३ या पहिल्या राघोजीच्या कारकीर्दीत अलिबागेत स्थैर्य आले. किल्ल्यातील सिद्धिविनायकाचे मंदिर त्याच्याच काळातले. १७७१ मध्ये येथे आलेल्या जेम्स फोर्ब्स या इंग्रज प्रवाशाने त्याचे वाडे, बागा आणि कारभार यांचे चांगले वर्णन केले आहे. त्यानंतर पुन्हा वारसांचे तंटे आणि बाहेरच्यांचे हस्तक्षेप. १८३८ मध्ये दुसरा राघोजी वारला, त्याचा तान्हा मुलगा काही महिन्यांतच गेला, दत्तकाची विनंती कंपनीने फेटाळली आणि १८४० मध्ये कुलाबा संस्थान खालसा झाले. डलहौसी हिंदुस्थानात येण्याच्या आठ वर्षे आधीची ही गोष्ट. दत्तक नामंजूर करून संस्थाने गिळण्याचा जो प्रयोग पुढे साताऱ्यावर आणि झाशीवर झाला, त्याची चव कुलाब्याने आधी घेतली.

जंजिऱ्याने आपले जुने कसब सोडले नाही. १७९१ मध्ये पेशव्यांनी एका सिद्दी वारसाला सुरतेजवळ सचीनची जहागीर देऊन त्याचा जंजिऱ्यावरील हक्क लिहून घेतला. कागदावर जंजिरा मराठ्यांचा झाला. प्रत्यक्षात किल्ल्यातल्या सिद्दींनी तो कागद मानला नाही आणि पुणेकरांना बेटावर पाऊल ठेवता आले नाही. सचीन हे संस्थान मात्र अस्तित्वात आले. इंग्रजांच्या छायेत वजिराचा नबाब झाला, गादी वंशपरंपरेने चालू लागली. काठेवाडातले जाफराबादही जंजिऱ्याकडेच होते. नबाब सिद्दी अहमदखान याच्या काळात मुरुडमध्ये समुद्राकाठचा राजवाडा उभा राहिला आणि गारंबीच्या धरणाचे पाणी शहरात आले. त्याची बेगम नाझली हिच्यामुळे शिबली नोमानींसारख्या उर्दू विद्वानांचा जंजिऱ्याशी संबंध आला. तीनशे वर्षे तोफा पाहिलेल्या या दरबाराच्या अखेरच्या पर्वात पुस्तके आली, हे फारसे कोणी सांगत नाही.

वास्तूंपुरते पाहिले तर सिद्दींची बाजू जड आहे. जंजिऱ्याचा तट, कलालबांगडी तोफ, दरवाज्यावरचे हत्तींना पंजात धरलेल्या श्वापदाचे शिल्प आणि राजपुरीनजीक खोकरीच्या तीन कबरी आजही पाहणाऱ्याला थांबवितात. आंग्र्यांचा वारसा वेगळ्या जागी उतरला. मुंबईतील नौदलाच्या तळाला १९५१ मध्ये ‘आयएनएस आंग्रे’ हे नाव देण्यात आले. खांदेरीला कान्होजींचे नाव मिळाले. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांचे जे बारा किल्ले जागतिक वारशात घेतले, त्यांत खांदेरी, सुवर्णदुर्ग आणि विजयदुर्ग हे तिन्ही एके काळचे आंग्र्यांचे आहेत. रायगड जिल्ह्यातले दोनच, खांदेरी आणि रायगड. पद्मदुर्ग, कुलाबा आणि उंदेरी त्या यादीबाहेर राहिले.

मार्च १९४८ मध्ये जंजिरा संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले. मुरुड, श्रीवर्धन आणि म्हसळा हे त्याचे तालुके ज्या जिल्ह्याला जोडले गेले, त्याचे नाव होते कुलाबा. मराठ्यांच्या तोफांनी जे साधले नाही, ते एका शासकीय अधिसूचनेने झाले : सिद्दींचे बेट आंग्र्यांच्या किल्ल्याच्या नावाखाली आले. तेहतीस वर्षांनी, १ जानेवारी १९८१ रोजी, तेही नाव बदलले आणि जिल्हा रायगड झाला.